मोबाईलवर राज्यशास्त्र शिकता येतं का? हिंगण्याच्या ताईंना माझं उत्तर

हिंगण्याहून एका ताईंनी विचारलं आहे, त्यांचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, बारावी आर्ट्स झालेली, मग लग्न, आता एमआयडीसीत पॅकिंगला शिफ्टमध्ये काम, घरात चांगला मोबाईल एकच आणि तोही अर्धा वेळ मुलाच्या हातात. राज्यशास्त्र घेऊन बीए करायचं आहे, जमलं तर पुढे एमए. ऑनलाइन किंवा घरून केलेली डिग्री चालते का, इंग्रजी कच्चं आहे तर जमेल का, असं विचारतात, आणि शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दात देते, "मॅडम, खरंच शिकणं होते का घरी बसून, की नुसता कागद मिळते?"

ताई, मी नागपुरात एका कॉलेजमध्ये २३ वर्षं राज्यशास्त्र शिकवते आहे, आणि त्यातली ११ वर्षं रविवारी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर पण शिकवते, जिथे तुमच्यासारखेच लोक येतात, कोणी रात्रपाळी करून सरळ येतं, कोणी लेकराला कडेवर घेऊन. त्यामुळे तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जास्त त्याच्यावरच लिहिणार आहे, पण आधी पहिले दोन उरकते कारण त्यात फसवणूक होऊ शकते.

डिग्री चालते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम आहेत, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने परत स्पष्ट सांगितलं की मान्यता असलेल्या विद्यापीठातून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. नोकरीच्या फॉर्मला, एमएच्या अ‍ॅडमिशनला, स्पर्धा परीक्षेला ती चालते. मात्र "मान्यता असलेल्या" हे शब्द नीट लक्षात ठेवा. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या साइटवर दरवर्षीची यादी असते, कोणत्या विद्यापीठाला कोणता कोर्स चालवायची परवानगी आहे त्याची. विद्यापीठाचं नाव यादीत आहे एवढ्यावर थांबू नका, तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष दोन्ही त्यात आहे का ते पाहा. मान्यता विद्यापीठाला असते, चौकातल्या दुकानाला नसते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, नागपुरात बर्डीजवळच्या एका सेंटरमध्ये त्याने ३५ हजार भरले, एका वर्षात तीन वर्षांची बीए करून देतो म्हणाले, मार्कशीटही दिली, आणि पुढे एमएला फॉर्म भरला तेव्हा कळलं की ते विद्यापीठ यादीतच नाही. पैसे गेले ते गेलेच, पण त्याची दोन वर्षं गेली आणि तो परत शिकायला बसलाच नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. "वन सिटिंग", "बॅक डेट", "पेपर आम्ही पाहून घेतो" असलं काही कोणी बोललं की तिथून उठून या.

तुमच्यासाठी खरे पर्याय दोनच धरा. एक नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, त्याचं विभागीय केंद्र नागपुरात आहे आणि बीए मराठीतून होते, पुस्तकं मराठीत आणि पेपरही मराठीत लिहायचा. दुसरं इग्नू, १९८५ चं, त्याचंही विभागीय केंद्र नागपुरात आहे, तिथे वर्षातून दोनदा प्रवेश होतात, जानेवारी आणि जुलै, साहित्य फार चांगलं आहे पण बीए आणि एमए दोन्हीला माध्यम मुख्यतः इंग्रजी किंवा हिंदी. तुमच्या जागी माझी लहान बहीण असती तर मी तिला बीए नाशिकमधून करायला लावलं असतं आणि इग्नूची पुस्तकं बाजूला ठेवून वाचायला सांगितलं असतं, कारण इग्नूचं सगळं साहित्य ईज्ञानकोश नावाच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहे, त्यासाठी अ‍ॅडमिशन लागत नाही, कोणीही उघडावं आणि वाचावं.

आता भाषेचं. इंग्रजी कच्चं आहे ही गोष्ट तुम्ही जितकी मोठी धरून राहिल्या तितकी ती नाही, पण तुमच्या ध्यानात नसलेली एक दुसरी अडचण आहे आणि ती हिंदीची आहे. नागपुरात आपल्याला हिंदी घरच्यासारखी, बाजारात तर आपण हिंदीच बोलतो, म्हणून मुलं सरळ यूट्यूबवर हिंदी लेक्चर लावतात. चांगले लेक्चर आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तीन वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासत होते, प्रश्न होता "सत्ता आणि अधिसत्ता यातील फरक स्पष्ट करा", १६ मार्कांचा. एका मुलाने दोन पानं लिहिलेली, अक्षर सुंदर, आणि त्याने लिहिलं होतं की सत्ता म्हणजे लोकांनी मान्य केलेली ताकद, तिच्यामागे वैधता असते, आणि अधिसत्ता म्हणजे फार मोठी सत्ता. मी लाल पेनने मारून पुढे गेले असते, पण मधेच एका वाक्यात त्याने "शक्ती" हा शब्द वापरला होता आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत पॉवरला शक्ति म्हणतात आणि ऑथॉरिटीला सत्ता. मराठीत पॉवर म्हणजे सत्ता आणि ऑथॉरिटी म्हणजे अधिसत्ता. त्या पोराला विषय बरोबर समजला होता, फक्त शब्द एक घर सरकले होते, आणि पेपरच्या हिशोबाने उत्तर उलटं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून विचारलं, सहा महिने एकाच हिंदी चॅनलवरून अभ्यास केला होता त्याने. तोंडी सांग म्हटलं तर दहा मिनिटं न थांबता बरोबर सांगितलं. असे किती जण असतील ज्यांना बोलवायला कोणी नव्हतं, हा विचार त्यानंतर माझ्या मनातून गेला नाही.

तशा जागा अजून आहेत. हिंदीत "मौलिक अधिकार", आपल्याकडे "मूलभूत हक्क", कारण मराठीत अधिकार म्हटलं की अधिकाऱ्याचा अधिकार आधी आठवतो आणि हक्क म्हणजे माणसाचा, नागरिकाचा. हिंदीत "संप्रभुता", मराठीत "सार्वभौमत्व". संविधानाच्या उद्देशिकेत इंग्रजीतल्या एकाच शब्दाला हिंदी प्रतीत "पंथनिरपेक्ष" आहे आणि मराठी प्रतीत "धर्मनिरपेक्ष", १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेला शब्द, आणि या दोन भाषांतरांमध्ये काय फरक पडतो यावर एक अख्खा तास जातो माझ्या वर्गात, मुलं इतकी भांडतात की शेजारच्या वर्गातले सर येऊन पाहतात. आणि मोबाईलच्या भाषांतर अ‍ॅपवर तर "स्टेट"ला सरसकट "राज्य" येतं, मग ते महाराष्ट्र राज्य आहे की शासन, सैन्य, कोर्ट मिळून जी राज्यसंस्था होते ती आहे हे कळायला मार्ग नाही, आपण मराठीत त्यासाठी घटकराज्य आणि राज्यसंस्था असे वेगळे शब्द वापरतो. म्हणून एक वही फक्त शब्दांची करा. तीन रकाने पाडा, मराठी, हिंदी, इंग्रजी. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश नेटवर शोधता येतात, मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, त्यात शब्द टाकला की नोंद वाचायला मिळते. एका वर्षात दीडशे-दोनशे शब्द होतील त्या वहीत, आणि त्याच्या जोरावर तुम्ही पुढे इंग्रजी उतारा पण वाचाल, मी हे होताना पाहिलं आहे.

साहित्याची तर आता कमी नाही, उलट पूर आहे, त्यामुळे मी तुम्हाला थोडंच सांगते. सुरुवात बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांनी करा, पीडीएफ फुकट आहे, मराठीत आहे, राज्य, स्वातंत्र्य, हक्क, न्याय या गोष्टी तिथे सोप्या भाषेत आहेत. तुमची बारावी झाली तेव्हाची पुस्तकं वेगळी होती, ही नवीन आहेत, परत वाचण्यात काही कमीपणा नाही. मग विद्यापीठाची पुस्तकं. स्वयम नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे, २०१७ पासून, त्यावर शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेची फी भरावी लागते, पण राज्यशास्त्राचे बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत म्हणून ते दुसऱ्या वर्षापासून पाहा. त्याचंच भावंड स्वयंप्रभा, ते टीव्हीवर डिशने दिसतं, नेट लागत नाही, मोबाईल मुलाकडे असला तर तुम्हाला हे कामाचं आहे.

आणि एक गोष्ट जी मी प्रत्येकाला सांगते, मूळ कागद वाचा. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हाला संविधान सभेच्या चर्चा पाहायच्या तर लायब्ररीत खास परवानगी काढून जाड खंड काढावे लागत, घरी नेता येत नसत, आता ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासूनचा एक-एक शब्द मोबाईलवर आहे. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घ्या. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात पाय ठेवणार, राजकारणात एक माणूस एक मत असेल आणि सामाजिक आर्थिक जीवनात विषमता राहील, हे ते तिथे सांगतात. भाषण मराठीतही मिळतं. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांमध्ये छापली, त्यातल्या कितीतरी खंडांचे संपादक वसंत मून हे आपल्या नागपूरचे, त्यांनी गावोगावी फिरून कागद गोळा केले नसते तर आज तुमच्या-माझ्या मोबाईलमध्ये ते पीडीएफ नसते. मला हे सांगताना दरवेळी भरून येतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दिसते, संसद टीव्ही यूट्यूबवर आहे. पण हे सगळं पाहायची सवय लागली की पाहणं म्हणजेच अभ्यास असं वाटायला लागतं, तिथे सावध राहा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. खरंच शिकणं होते का.

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा मला पण याचं उत्तर माहीत नव्हतं. आम्हाला सांगितलं व्हिडिओवर क्लास घ्या. माझ्या वर्गात ५८ मुलं, पहिल्या दिवशी जोडली गेली १४. त्यातही निम्म्यांचा कॅमेरा बंद, आवाज तुटत होता. चौथ्या दिवशी कुही तालुक्यातल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला, "मॅडम, तुमचा चेहरा अडकून राहिला अन् आवाज येऊन राहिला, चेहरा बंद करा न." ती पोरगी घरामागच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून क्लास करत होती कारण घरात रेंज येत नव्हती, एप्रिल महिना, दुपारी ४३-४४ डिग्री. मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी व्हिडिओ बंद केला. आठ मिनिटांचा ऑडिओ रेकॉर्ड करायचा, एका ऑडिओत एकच मुद्दा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, रात्री रेंज आली की डाऊनलोड होईल, सकाळी स्वयंपाक करता करता ऐकता येईल. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी साधा फोन, कॉन्फरन्स कॉल, पाच-पाच जणांना जोडून. त्याला नेट लागत नाही, बटणाच्या फोनवरही चालतं. मागून सगळ्यांच्या घरच्या कूलरचा घरघर आवाज यायचा, कोणाची आई ओरडायची, पण वीस मिनिटं माणसं एकमेकांशी बोलायची.

त्या शुक्रवारांमधला एक विषय सांगते म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. २०२० च्या शेवटी बातमी पक्की झाली की हिवाळी अधिवेशन या वर्षी नागपुरात नाही, कोरोनामुळे मुंबईत होणार. आम्ही तेव्हा नागपूर करार वाचत होतो, २८ सप्टेंबर १९५३ चा, विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ, मराठवाड्याच्या नेत्यांनी केलेला, अकरा कलमांचा. त्यात लिहिलं आहे की सरकार दरवर्षी काही काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल. उमरेडचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, लिहिलेलं आहे न, मग हा करार मोडला का? दुसरा म्हणाला, करार आहे, कायदा थोडीच आहे. झालं, दोघांची जुंपली. मी म्हटलं मला विचारू नका, संविधान उघडा, अनुच्छेद ३७१ काढा आणि दुसरं पोटकलम मोठ्याने वाचा. वाचलं त्यांनी. त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळ्या विकास मंडळांची, निधीच्या न्याय्य वाटपाची, शिक्षण आणि नोकऱ्यांच्या संधीची गोष्ट आहे, राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची आहे. अधिवेशनाचा एक शब्द नाही. मग कोणीतरी शोधलं की ती विकास मंडळं प्रत्यक्षात १९९४ मध्ये आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० लाच संपली होती. फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग ती कुहीची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मग मॅडम, आपल्यापाशी नेमकं काय आहे?"

पुढचे तीन शुक्रवार आम्ही त्याच्यावरच बोललो. करार म्हणजे काय, परंपरा म्हणजे काय, घटनेतली तरतूद म्हणजे काय, "करता येईल" आणि "करावेच लागेल" या दोन शब्दांमध्ये किती अंतर असतं, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती ती का मानली गेली नाही. अभ्यासक्रमात हे चार वेगवेगळ्या युनिटमध्ये विखुरलेलं आहे. वर्गात मी ते दहा वर्षं शिकवलं होतं आणि असं कधी झालं नव्हतं. रेंज नसलेल्या गावांतून, साध्या फोनवर, डोळ्यांसमोर फळा नसताना झालं. तर ताई, घरी बसून शिकणं होते. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे ते.

पण ते कशामुळे झालं हे पाहा. ऑडिओ ऐकून नाही झालं, ऑडिओ मी दुसऱ्या एका बॅचला तेच पाठवले होते, तिथे शुक्रवारचा फोन जमला नाही, आणि त्या मुलांच्या पेपरमध्ये पाठ केलेल्या व्याख्या होत्या फक्त. फरक होता तो त्या वीस मिनिटांचा, जिथे दुसरा माणूस म्हणतो की नाही, मला हे पटत नाही. आमचा विषयच असा आहे, त्यात गणितासारखं मागच्या पानावर उत्तर नसतं, तुमचं म्हणणं दुसऱ्यासमोर मांडल्याशिवाय ते किती कच्चं आहे हे कळत नाही. आज फुकट व्हिडिओ, फुकट पुस्तकं, स्वस्त डेटा सगळं आहे आणि शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचलं असं म्हणतात, मला ते अर्धंच खरं वाटतं. तुमचं लिहिलेलं पान मराठीत वाचून, समजून, "इथे तू घसरली" असं सांगणारा माणूस तुमच्यापर्यंत पोचला का, हे मी विचारते. तो शहरातल्या कॉलेजात कँटीनमध्ये आपोआप मिळतो, हिंगण्यात शिफ्ट करणाऱ्या बाईला तो मुद्दाम शोधावा लागतो. शोधा, कारण त्याच्यावाचून खरंच नुसता कागद मिळेल.

कसा शोधायचा ते सांगते. अ‍ॅडमिशन झाली की अभ्यासकेंद्रावर रविवारचे संपर्कवर्ग असतात, निम्मे लोक जात नाहीत कारण हजेरीची सक्ती वाटत नाही, तुम्ही जा, पहिल्या दोन रविवारी तर जाच, शिकायला म्हणून आणि माणसं पाहायला म्हणून. तिथून तीन-चार जणी निवडा ज्यांचा नंबर घ्यावासा वाटतो. पन्नास जणांचा ग्रुप नको, त्यात गुड मॉर्निंग आणि पेपरफुटीच्या अफवा येतात. चार जणींचा ग्रुप, आठवड्याला प्रत्येकीने एक पान हाताने लिहून फोटो टाकायचा, आणि दुसऱ्या एकीच्या पानावर तीन वाक्यं लिहायची, काय पटलं, काय नाही, कुठे पुरावा नाही. बस. हे एक वर्ष केलं तर तुम्हाला कोणत्या क्लासची गरज नाही. आणि विकत मिळणाऱ्या तयार असाइनमेंट घेऊ नका. इग्नूमध्ये असाइनमेंटला ३० टक्के वजन असतं, बाकी ७० टक्के परीक्षेला, आणि बाजारात ते ३० टक्के थोड्या पैशात मिळतात म्हणून लोक घेतात. पण वर्षभरात कोणीतरी तुमचं लेखन तपासणार अशी तीच एक जागा आहे, ती तुम्ही दुसऱ्याच्या हातात देऊन टाकता. रविवारी माझ्यासमोर एकाच अक्षरातल्या, एकाच स्पेलिंगच्या चुका असलेल्या बारा-बारा असाइनमेंट येतात तेव्हा मला राग येत नाही, खूप उदास वाटतं.

मोबाईलबद्दल एवढंच, वाचायचं ते कागदावर वाचा. एका युनिटची पंचवीस-तीस पानं असतात, झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून घ्या, सगळं पुस्तक एकदम काढू नका, एक युनिट संपलं की दुसरं. बसमध्ये वाचता येतं, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत वाचता येतं, आणि मुलाने मोबाईल घेतला म्हणून अभ्यास थांबत नाही. मोबाईल फक्त ऐकायला, शब्द शोधायला आणि पानाचा फोटो पाठवायला.

आणि तुमच्याजवळ एक गोष्ट आहे जी माझ्या शहरातल्या विद्यार्थ्यांजवळ नाही. हिंगण्याच्या आजूबाजूला ग्रामपंचायती आहेत, तुमचं माहेर किंवा सासर त्यातल्या एखाद्या गावात असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातल्या एखाद्या दिवशीच्या ग्रामसभेला जाऊन बसा. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती झाली का ते विचारा. विषयपत्रिका कोणी वाचली, किती बाया होत्या, किती बोलल्या, ठराव सभेत लिहिला की नंतर, हे सगळं वहीत टिपा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली हे पाठ करणारे हजार मिळतात. ती तुमच्या गावातल्या समाजमंदिरात खुर्च्या कोणाला आणि सतरंजी कोणाला अशी कशी दिसते, हे पेपरमध्ये लिहिणारी मला २३ वर्षांत हाताच्या बोटावर मोजण्याइतकी भेटली, आणि त्यांचे पेपर मला आजही आठवतात. आपल्याच विदर्भात गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या लोकांनी "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणून ग्रामसभा उभी केली आणि २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, त्याच्यावर वाचा आणि मग आपल्या गावची सभा पाहा.

नोकरीचं तुम्ही विचारलं नाही पण घरचे विचारतील म्हणून सांगते. बीएवर लगेच नोकरी लागेल असं मी कोणाला सांगत नाही. कोणतीही शाखा चालते अशा सरकारी परीक्षांना तुम्ही बसू शकाल. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषयही आहे, यूपीएससीत राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय ५०० मार्कांचा असतो आणि मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, म्हणजे लिहिता येणाऱ्याला आता किंमत आहे. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमए आणि मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पण वयाची अट प्रत्येक परीक्षेची वेगळी आहे, आज २९ म्हणजे डिग्री होईस्तोवर ३२, तर कोणत्या परीक्षेला तुमच्या प्रवर्गात किती वय चालतं ते आत्ताच काढून ठेवा, मागाहून कळलं तर जीव तुटतो.

घरच्यांना वेळ मागायचा असेल तर आधीच ठरवून मागा. आठवड्याचे सहा तास, त्यातले दोन रविवारी केंद्रावर. माझ्याकडे शिकलेल्या ज्या बायकांची डिग्री पूर्ण झाली त्या फार हुशार होत्या असं नाही, त्यांचे ते सहा तास घरात सगळ्यांना माहीत होते एवढंच.

अ‍ॅडमिशनला अजून वेळ असेल तर तोवर थांबू नका, पहिलं पान आजच लिहा. विषय मी देते. तुमच्या शिफ्टची वेळ कोण ठरवतं, आणि ती तुम्ही का पाळता? पगार कापतील म्हणून, की सुपरवायझरला तो अधिकार आहे असं तुम्हाला वाटतं म्हणून, की सगळ्याजणी पाळतात म्हणून? पुस्तक उघडू नका, सत्ता आणि अधिसत्ता हे शब्द पण वापरू नका, तुम्ही आणि तुमच्या लाइनवरच्या बाया जे बोलता त्याच भाषेत एक पान लिहा, फोटो काढा आणि मला पाठवा. मी वाचून त्याच्यावर तीन वाक्यं लिहून परत पाठवते.